निरोगी गटातले नवरा-बायको

"काका, तुम्ही आणि काकू एकमेकांचे कोण लागता?"

डॉक्टर नेहा मॅडमनी हा प्रश्न विचारला तेव्हा मी त्यांच्या केबिनमध्ये बसलो होतो. दार लावलेलं होतं. माझी बायको शालन बाहेर बाकावर होती. आदल्या दिवशी फोन आला होता, "तुमच्या दोघांच्या जेनेटिक रिपोर्टबद्दल बोलायचंय. पण आधी काका, तुम्ही एकटे आत या."

असा फोन आल्यावर माणसाला झोप येईल का, तुम्हीच सांगा.

"नवरा-बायको," मी म्हणालो.

"ते माहीत आहे. त्याशिवाय?"

माझं लक्ष त्यांच्या प्रश्नाकडे नव्हतंच. मी त्यांचा चेहरा वाचत होतो. माझ्या आईला शेवटची काही वर्षं डिमेन्शिया होता. डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश, आठवण, भान, बोलणं एकेक करून जातं तो आजार. तोच आता माझ्यात सापडला, आणि तो कसा सांगावा म्हणून या मॅडम वळणं घेत आहेत, असं मी धरून चाललो होतो.

त्या हळू आवाजात म्हणाल्या, "काका, शांतपणे ऐका. आधी आम्हाला वाटलं की सॅम्पल बदललं गेलं. म्हणून तर तुमची दोघांची लाळ परत घेतली. पुन्हा तेच आलं. रिपोर्टप्रमाणे तुम्हा दोघांचं रक्ताचं नातं आहे. कझिन्सइतकं जवळचं. हे ऐकायला कठीण आहे, मला कळतं. कदाचित तुम्हा दोघांनाही माहीत नसेल. घरात कोणी दत्तक असेल, जुन्या लोकांनी काही लपवलं असेल..."

"माहीत आहे की," मी म्हणालो. "ती माझ्या मामाची मुलगी आहे."

मॅडम माझ्याकडे बघतच राहिल्या. त्या लखनौकडच्या. मराठी छान बोलतात, पण आपल्या सोयरिकी त्यांना काय ठाऊक. त्यांच्याकडे मामाची मुलगी म्हणजे बहीण, राखी बांधणारी. आता त्यांच्या चेहऱ्यावर जो धक्का होता, तो माझ्यापेक्षा मोठा होता.

कोपऱ्यात चाचणीच्या मशीनची वायर गुंडाळत बसलेली टेक्निशियन स्वप्नाली, नेरुळजवळच्या सारसोळे गावची मुलगी, तिला हसू आवरेना. "मॅडम, मामाची पोर हाय ती! आमच्यात तर पयला मानच आतेभावाचा. मागनी दुसऱ्याकडं गेली तर रुसतात लोक."

शालनला आत बोलावलं. सगळं ऐकून ती म्हणाली, "एवढंच होय? मला वाटलं यांना काहीतरी झालं. बाहेर बसून मी मारुतीला नारळ बोलले की हो."

हा लेख मी माझ्यासारख्या, साठी ओलांडलेल्या आणि अंगाने धडधाकट असलेल्या लोकांसाठी लिहितो आहे. आजार नसताना हॉस्पिटलची पायरी चढलो, आणि एकही औषध न घेता जेवढे धक्के खाल्ले, तेवढे दवाखान्यात दाखल असतानाही खाल्ले नसते.

सुरुवात आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात झाली. नेहा मॅडम तिथे माहिती सांगायला आल्या होत्या. त्यांचा अभ्यास होता टीडीसीएसवर. ट्रान्सक्रेनियल डायरेक्ट करंट स्टिम्युलेशन असं त्याचं लांबलचक नाव. म्हणजे काय, तर कपाळावर ओल्या स्पंजच्या पट्ट्या बांधून, त्यातून अगदी कमी विजेचा प्रवाह थोडा वेळ सोडायचा. शॉक नव्हे. मुंग्या आल्यासारखं होतं, एवढंच. त्याने पट्टीखालचा मेंदूचा भाग थोडा जागा होतो आणि स्मरणाच्या चाचणीत काही लोकांना फायदा दिसतो. काहींना मात्र काहीच फरक पडत नाही.

"का पडत नाही, हेच आम्हाला शोधायचंय," मॅडम म्हणाल्या होत्या. "करंट तोच, वय तेच, तब्येत चांगली. मग फरक कशाचा? एक कारण जीन्स असू शकतं." जीन म्हणजे जनुक, आईबापांकडून येणारी अंगातली लिखापढी. तपासणीत पुष्कळ जनुकं यायची, पण त्यांना त्यातल्या एकाचं विशेष कुतूहल होतं. बीडीएनएफ त्याचं नाव. त्याच्यापासून मेंदूत एक पदार्थ तयार होतो, तो पेशींना खतासारखा. हे जनुक काहींच्यात एका रूपात असतं, काहींच्यात दुसऱ्या. त्यावरून करंटचा गुण येतो की नाही हे बदलतं का, असा तो प्रश्न. त्यासाठी निरोगी म्हातारी माणसं आणि जनुकं तपासायला त्यांची लाळ हवी होती.

मी हात वर केला. शालनचाही मीच वर केला.

खरं कारण आई होती. आमच्या नेरुळच्या फ्लॅटमध्ये आईचे शेवटचे दिवस गेले. एके दिवशी मी ऑफिसातून आलो तर ती म्हणाली, "बसा, साहेब. पोरगं येईल एवढ्यात कामावरनं." मी तिच्यासमोर बसलो आणि माझीच वाट बघितली. तेव्हापासून चष्मा कुठे ठेवला हे आठवलं नाही तरी मला आईच आठवायची. मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावून सांगितलं होतं की हा उपचार नाही, संशोधन आहे. मी मान डोलावली होती. मनात मात्र पक्कं धरलं होतं की ही वीज मला आईच्या वाटेवरून मागे ओढणार.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. सांगलीकडच्या आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. पुढे तालुक्याच्या गावी मामांनी मला घरी ठेवून घेतलं, शिकवलं, बी.एस्सी. केलं. त्यांच्याच मुलीशी, सातवीनंतर शाळा सोडलेल्या शालनशी, माझं लग्न झालं. रबाळ्याच्या एका कंपनीत प्रयोगशाळेत मी आयुष्य काढलं. नमुन्यात भेसळ झाली तर सगळी तपासणी वाया जाते, हे मी नव्या पोरांना शिकवायचो.

आणि तरी भेसळ माझ्याच तोंडून झाली. नोंदणीच्या वेळी स्वप्नालीने दोघांना समोरासमोर विचारलं होतं, "तुमच्या रक्ताच्या नात्यातलं कोन या अभ्यासात हाय का?" आम्ही दोघांनी एका सुरात सांगितलं, "नाही." कारण नवरा-बायकोत रक्ताचं नातं असतं, असं कोणाच्या डोक्यात येईल? मामा लग्नानंतर सासरे झाले. आई शालनची आत्या होती ती सासू झाली. शालन मात्र तिला मरेपर्यंत आत्याच म्हणायची. शब्द रोज कानावर होता, पण त्याचा अर्थ मला कधी लागला नाही.

पट्टी बांधायच्या पहिल्या दिवशी गंमत झाली. पट्टीची जागा कपाळावर, डाव्या भुवईच्या वर. स्वप्नाली कापसाचा बोळा घेऊन आली आणि म्हणाली, "काकी, कुंकू पुसते हां."

शालनने तिचा हातच धरला. "ए बाई, पुसते काय म्हणतीस? समोर बसलाय तो माणूस. 'उतरवते' म्हण."

त्या दिवसापासून स्वप्नाली सगळ्याच बायकांना "कुंकू उतरवते" म्हणायला लागली.

चाचणी अशी होती की पडद्यावर शब्द दिसायचे. पोळपाट, चिंच, खिडकी, शिक्षक, असे साधे. मग पट्टी लागायची, समोर चित्रं जुळवायची, आणि नंतर आधीचे शब्द आठवून सांगायचे. दोन फेऱ्या होत्या, प्रत्येकीत काही बैठका, आणि मध्ये काही आठवड्यांची विश्रांती. एका फेरीत खरा करंट आणि एका फेरीत शॅम. शॅम म्हणजे लटका प्रयोग. पट्टी खरी, मशीन खरं, सुरुवातीला क्षणभर मुंग्याही येतात, मग करंट बंद. कोणती फेरी खरी, हे आम्हालाही माहीत नव्हतं आणि स्वप्नालीलाही.

मला मात्र माहीत होतं. निदान तसं वाटत होतं. पहिल्या फेरीत माझं डोकं लख्ख झालं. शब्द सरसर आठवायचे. शाळेतल्या हजेरीतली नावं आठवायला लागली. सोसायटीत मी सगळ्यांना सांगत सुटलो. शालनला विचारलं तर म्हणायची, "कपाळ खाजतं. बाकी मला काय कळत नाही बाई."

आता पुन्हा त्या केबिनमध्ये येतो.

हसणं ओसरल्यावर मॅडम गंभीर झाल्या. म्हणाल्या, "काका, पण यामुळे अडचण झाली आहे. आमच्या हिशोबात प्रत्येक माणूस दुसऱ्यापासून वेगळा धरलेला असतो. एका रक्ताची दोन माणसं ठेवली तर निष्कर्ष फसवा येतो. तुमच्यापैकी एकाचीच माहिती आम्ही ठेवू शकतो."

तापामुळे माझी एक बैठक चुकली होती. शालनची एकही नाही. म्हणून शालन राहिली आणि मी बाहेर पडलो.

"बी.एस्सी. नापास, सातवी पास," शालन म्हणाली. स्वप्नाली पुन्हा हसली. मला हसू आलं नाही. मी मॅडमना म्हणालो, "माझी माहिती काढून टाका, पण करंट यापुढेही देत राहा. मला त्याचा गुण आलाय."

मॅडमनी शालनची परवानगी घेतली, आणि कॉम्प्युटरमध्ये आमच्या बैठकांची नोंद उघडली.

"काका, दोघांच्याही बैठका आता संपल्यात, म्हणून सांगते. तुमची पहिली फेरी शॅम होती. करंट बंद होता."

मी म्हणालो, "पुन्हा बघा."

त्यांनी पुन्हा बघितलं. बंदच होता. खऱ्या करंटच्या फेरीत मला जवळजवळ काहीच फरक पडला नव्हता. शालनला पडला होता. जिला फक्त खाज आठवत होती, तिला खऱ्या करंटच्या वेळी शब्द चांगले आठवले होते.

"मग तिचं जनुक चांगलं आणि माझं वाईट?" मी विचारलं.

"नाही. बीडीएनएफचं रूप दोघांचं एकच आहे. बहुतेक एकाच आजोबांकडून किंवा आजीकडून आलेलं. तरीही प्रतिसाद वेगळा. आणि एकेका माणसावरून काहीच सिद्ध होत नाही, काका. झोप, त्या दिवशीची तब्येत, आशा, सगळं त्यात मिसळतं. म्हणून तर आम्हाला इतकी माणसं लागतात."

आशा हा शब्द मला लागला. माझं लख्ख झालेलं डोकं हे माझ्याच आशेने केलेलं काम होतं. वीज नव्हतीच.

घरी येताना मी शालनच्या दोन पावलं पुढे चालत होतो. शालनला वाटलं मी रुसलोय. चहा झाला, ती मेथी निवडायला बसली. थोड्या वेळाने तिचा हात थांबला.

"अहो, आत्याचं रक्त तुमच्यात आलं."

"हो."

"आणि आत्या माझ्या बाबांची सख्खी बहीण. म्हणजे तेच रक्त माझ्यात पण."

"हो."

"मग दोघांना एकदमच विसरायला झालं तर? तुम्हाला झालं तर मी बघीन, असं मी धरून होते. मला झालं तर तुम्ही. पण दोघांनाही झालं तर कोण कोणाला सांगणार, की गॅस चालू राहिलाय?"

वाचकहो, मी डॉक्टरांच्या केबिनमध्ये घाबरलो होतो, पण ते फक्त माझ्यासाठी. त्या दिवशी स्वयंपाकघरात दोघांसाठी घाबरलो. आईला सांभाळताना आम्ही दोघं होतो. मी खचलो की शालन उभी असायची. इतकी वर्षं मला वाटत होतं की त्या आजाराला आमच्या घरात एकच दार आहे, आणि ते मी. ते दार दोन्हीकडे असू शकतं, हे मला बी.एस्सी. असून कधी दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना फोन केला. "आमच्याच लाळेत बघून सांगा ना, तो आजार आमच्यात आहे का."

त्यांनी स्पष्ट नकार दिला. "त्या परवानगीने आम्ही लाळ घेतलेली नाही, म्हणून ते मी बघितलेलं नाही आणि बघणारही नाही. शिवाय काही जनुकांनी फक्त धोका वाढतो, आजार होईलच असं नसतं. आणि ती नसली तरी आजार होऊ शकतो. तुम्हाला जाणून घ्यायचंच असेल तर आधी जेनेटिक काउन्सेलरकडे जा." जेनेटिक काउन्सेलर म्हणजे जनुकांच्या तपासणीआधी आणि नंतर समजावून सांगणारा सल्लागार. मॅडमनीच वेळ घेऊन दिली.

मी आमच्या मुलीला, प्राजक्ताला, सांगितलं. ती ऐरोलीला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे, राहायला घणसोलीला. मला वाटलं होतं ती म्हणेल, करून टाका. ती एकदम चिडली.

"पप्पा, मला न विचारता तपासू नका."

"अगं, रक्त माझं."

"बातमी माझी पण आहे ना! तुमच्यात निघालं तर माझ्यात असण्याचा चान्स आहे. मम्मीत पण निघालं तर अजून जास्त. माझी पोरगी आत्ता कुठे शाळेत जायला लागलीय. मला नकोय ते टेन्शन डोक्यात घेऊन रोज तिचा डबा भरायला."

आईचं दुखणं मी माझं मानलं होतं, मग त्यात शालन निघाली, आणि आता पोरगी. एवढासा थेंब लाळ दिली होती आणि सगळं घर त्यात सापडलं होतं.

तरीही काउन्सेलरकडे गेलो. प्राजक्ता सोबत आली, पण म्हणाली, "मी बाहेर बसते." काउन्सेलर मध्यमवयीन बाई होत्या, शांत. त्यांनी आधी आमचा वंशवृक्ष काढला. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई. नात्यातलं लग्न असलं की दोघांमध्ये एक रेघ न काढता दोन रेघा काढतात. आमच्यामध्ये त्यांनी सहजपणे दोन रेघा ओढल्या. त्यांना आश्चर्य वाटलं नाही. "सातारा-सांगलीकडची मंडळी आली की मी हे आधीच विचारते," त्या म्हणाल्या.

आईचा आजार उतारवयात सुरू झाला होता. घरात दुसऱ्या कोणाला, तरुणपणी तर कोणालाच, तो झाला नव्हता. त्या म्हणाल्या, अशा वेळी तपासणीतून पक्कं उत्तर मिळत नाही, फक्त शक्यता मिळते. मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला नेमकं काय जाणून घ्यायचंय?"

मी जनुकांची नावं पाठ करून गेलो होतो. तोंड उघडायच्या आत शालन बोलली.

"यांना विसरायला लागलं तर मला कळेल. मला लागलं तर यांना कळेल. दोघांना बरोबरच लागलं तर ते कळायचं कोणाला? तेवढं सांगा."

"त्याला जीनची टेस्ट लागत नाही, काकू," बाई म्हणाल्या. "त्याला तिसरं माणूस लागतं. दर वर्षी मेमरी क्लिनिकला या. दोघांच्या स्मरणाची चाचणी होईल. आणि तुम्हाला जवळून ओळखणारं कोणीतरी बरोबर हवं, कारण आम्ही त्यालाही विचारतो. बदल बहुतेक वेळा बाहेरच्यालाच आधी दिसतो."

शालन उठली, दार उघडलं आणि बाहेर बघून म्हणाली, "ये गं आत. तुझ्यावाचून अडलंय."

प्राजक्ता आली, ऐकलं, आणि लगेच म्हणाली, "मी येईन की. दर वर्षी सुट्टी टाकीन. पण ती टेस्ट नाही हं, पप्पा."

"नाही," मी म्हणालो. त्या शब्दाबरोबर छातीवरचं काहीतरी खाली ठेवल्यासारखं झालं. आपल्याला उत्तर नकोच होतं, सोबत हवी होती, हे मला माझ्या तोंडून "नाही" बाहेर पडल्यावर कळलं.

आता तुमच्यासाठी दोन गोष्टी. अशा अभ्यासात भाग घ्यायला घाबरू नका. आपल्या म्हाताऱ्या मेंदूचाही कोणाला तरी उपयोग आहे, ही चांगली गोष्ट आहे. पण त्याला उपचार समजू नका. आणि नात्यात लग्न झालेलं असेल, मामाची मुलगी असो की आत्याचा मुलगा, ते पहिल्याच दिवशी सांगा. कोणी विचारलं नाही तरी सांगा. आमच्यामुळे मॅडमना लाळ दोनदा तपासावी लागली आणि एक माणूस गमवावा लागला. मी माफी मागितली तेव्हा त्या म्हणाल्या, "काका, आता नोंदणीतला प्रश्न आम्ही बदललाय. नवरा-बायको आले की लग्नाआधीचं नातं विचारतो." माझ्या चुकीचा एवढा तरी उपयोग झाला, याचं समाधान आहे. नेहा मॅडम, स्वप्नाली आणि त्या काउन्सेलर बाई, या तिघींचा मी ऋणी आहे. मामा आज असते तर त्यांनाही हे सगळं सांगितलं असतं. ते पोट धरून हसले असते.

मेमरी क्लिनिकची पहिली तपासणी नुकतीच झाली. आम्हा दोघांना वेगवेगळं बसवलं. घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावलं, शब्द विचारले. मी एका शब्दाला अडलो. पूर्वी असं झालं असतं तर मी घाबरलो असतो. या वेळी मी सरळ म्हणालो, "एक आठवत नाही."

मग तिथल्या डॉक्टरांनी आमच्यासमोरच प्राजक्ताला विचारलं, "आईवडिलांच्या वागण्याबोलण्यात वर्षभरात काही बदल वाटतो का?"

ती जरा विचार करून म्हणाली, "भांडणं होतात, पण ती पहिल्यासारखीच. विषय पण तेच."

"कोण सुरू करतं?"

"पप्पा. आणि संपवते मम्मी."

"खोटं आहे," मी म्हणालो.

"बघा, सुरू केलं," शालन म्हणाली.

डॉक्टर हसले. म्हणाले, "उत्तम. पुढच्या वर्षी तिघंही या."